भाचीचे दत्तकविधान: अडलेला कागद

माझी मेहुणी वारल्यावर तिच्या मुलीला जर्मनीतील मामा-मामींनी दत्तक घ्यायचे ठरले, तेव्हा नोंदणीकृत दत्तकपत्र पुरेल असे कोल्हापुरात अनेकांनी सांगितले. परंतु दोन्ही देश परदेशी दत्तकविधानाविषयीच्या १९९३च्या हेग कराराला बांधील असल्यामुळे ‘कारा’मार्फतच (दत्तकविधानावर देखरेख करणारे केंद्र सरकारचे प्राधिकरण) जावे लागते, आणि २०२२पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आमचे प्रकरण मात्र जन्मदाखल्यापाशी अडले. त्यावर मुलीचे नावच नव्हते, आईचे नाव माहेरचे होते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, शाळेचे बोनाफाईड आणि वडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडून आम्ही आधी जन्मनोंद दुरुस्त करून घेतली, मगच फाईल पुढे सरकली. पासपोर्टचा अर्ज दत्तक आदेशानंतर करावा.

मुलीला मात्र पहिल्या दिवसापासून सगळे सांगावे. आमची भाची रोज मामींशी व्हिडिओ कॉलवर बोलत असे.