अवखळ शिंगरासाठी चाबूकस्वार निवडताना

दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या बाजारातून शिंगरू आणायचं आणि तुळशीचं लग्न लागलं की वरातीला उभं करायचं, असा हिशोब आपल्या सोलापूर जिल्ह्यात दरवर्षी कुणी ना कुणी मांडतं. अडीच-तीन वर्षांचं जनावर त्या हिशोबात बसत नाही. बाजारात ते थकलेलं असतं, क्वचित गुंगीचं औषध दिलेलंही असतं. घरी चार दिवस विसावा मिळाला की खरा स्वभाव दिसतो: दुगाण्या झाडणं, झाड होणं म्हणजे मागच्या पायांवर उभं राहणं, लगाम पाहिला की मान आभाळाला लावणं. मग चाबूकस्वाराची, म्हणजे घोडं शिकवणाऱ्याची, शोधाशोध सुरू होते. ती करायलाच हवी, पण त्याआधी घरची तपासणी उरकून घ्या. दुखणाऱ्या घोड्याला शिकवायला पाठवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे आणि पैसेही वाया जातात.

आधी दुखणं आणि चंदी

सगळ्यात आधी तोंड पाहा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांचा होताना पडतात. दाढांच्या टोप्याही अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान सुटतात. म्हणजे आपण लगाम घालायला घेतो, नेमका त्याच काळात हिरड्या हुळहुळलेल्या असतात. काहींना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा, बिनकामाचा दात असतो. लगामाची कडी त्यावर आपटली की घोडं मान झटकतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. पशुवैद्यकाकडून तोंड उघडून दाढांच्या धारा आणि हा दात तपासून घ्या. मग पाठ पाहा: मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी सावकाश दाबत जा. एकाच जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली, तर खोगीर लावणं बंद करा.

चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, हा दुसरा मुद्दा. दिवसभर खुंट्याला बांधलेल्या शिंगराला भिजवलेला हरभरा ओंजळी भरभरून घालायचा आणि ते उड्या मारतं म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. काम सुरू होईपर्यंत दाणा निम्म्यावर आणा. पोट कडबा आणि वाळल्या गवताने भरा: रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. रोज दोन तास मोकळं सोडा. दोन आठवड्यांत पुष्कळ शिंगरं निवळतात. नर असेल आणि त्याच्यापासून पैदास करायची नसेल, तर तो खच्ची करण्याबद्दल पशुवैद्यकाशी बोला. फरक लगेच दिसत नाही, काही आठवड्यांपासून काही महिने लागतात.

एवढं करूनही अडचण राहिली, तर ती शिकवण्याची आहे.

कुणाला विचारायचं

घोडा नाचवणारा, टांग्याला जुंपणारा आणि पाठीवर बसायला तयार करणारा, ही तीन वेगळी माणसं. एकाला तिन्ही कामं उत्तम जमतील असं धरून चालू नका. वारीच्या रिंगणात धावणारा अश्व पाहून भारावून जाणं स्वाभाविक आहे, पण टाळ-मृदंगाच्या गजरात न बुजणारा घोडा वर्षानुवर्षांच्या सवयीने घडतो. कच्चं शिंगरू पहिल्यांदा हाताळणं ही वेगळी विद्या आहे. त्यामुळे 'घोडा शिकवणारा' न विचारता 'कोरं शिंगरू घडवणारा' विचारा.

विचारायचं नालबंदाला. मालक आपल्या घोड्याची तारीफच करणार, पण नालबंद दर चार-सहा आठवड्यांनी घोड्याच्या पायाशी बसतो. कुणाच्या तबेल्यातली घोडी शांत पाय देतात आणि कुठे चौघांना धरावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्याच्याकडून दोन-तीन नावं घ्या, पशुवैद्यकाकडून पडताळा. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त झालेला कुणी जवळपास असेल, तर त्यालाही भेटा. या लोकांना पायऱ्या पाठ असतात.

तबेल्यात काय पाहायचं

तयार घोडा पाहून ठरवू नका, तो कुणीही मिरवून दाखवेल. पंधरा दिवसांपूर्वी आलेलं शिंगरू दाखवा म्हणा. सकाळी सातच्या आत जा, कारण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि समजदार माणूस आठच्या आत काम संपवतो.

घोड्यांच्या अंगावरच्या खुणा वाचा. ओठांच्या कोपऱ्यात जखमा किंवा पांढरे केस, जिभेवर जुनी चीर, मागच्या पायांच्या खुरांवरच्या खोबणीत दोराचे काच, नाकाडावर साखळीचा वळ. यातलं एक एका घोड्यावर दिसलं तर विचारा, तीन घोड्यांवर दिसलं तर निघा. काटेरी लगाम तबेल्यात टांगलेला असेल तर बोलणंच नको. ओझ्याच्या आणि स्वारीच्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांनीच काटे असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे.

मग त्याला पुढचा पाय उचलायला सांगा आणि त्याचा हात पाहा. जाणता माणूस खांद्यावर तळहात ठेवतो, तिथून हात न उचलता खाली नळीपर्यंत आणतो आणि हलकं दाबतो. शिंगरू पाय कडक करतं. दाब तेवढाच राहतो, वाढत नाही. क्षणभरात ते वजन दुसऱ्या पायावर टाकतं, टाच जेमतेम सुटते, आणि त्याच क्षणी हाताचा दाब सुटतो. पाय वर आलेला नसतानाही. घोडं ओठ चाटतं, मान खाली सोडतं. दुसऱ्या वेळी पाय आपसूक येतो. सगळी विद्या या सुटण्याच्या वेळेत आहे. दाबाने घोडं विचारात पडतं, तो सुटला की शिकतं. घोड्याने ऐकल्यावरही जो ओढत राहतो, त्याच्या हाताखाली घोडं ऐकणं सोडून देतं.

शांत घोडं म्हणजे शिकलेलं घोडं असं मात्र समजू नका. कान स्थिर, डोळे विझलेले, माशी बसली तरी कातडी हलत नाही, असं दिसलं तर ते मार खाऊन गप्प झालेलं आहे. असं घोडं एक दिवस वरातीत फटाक्याला स्फोटासारखं उसळतं. आणि घोड्याचा दोष भोवरीवर ढकलणाऱ्या माणसाला नमस्कार करून परत फिरा. भोवरी केसांची असते, वागणूक हाताळणीची.

बोलणी

'किती दिवसांत बसता येईल?' हा प्रश्न विचाराच, उत्तरातून माणूस कळतो. आठवड्याची बोली करणारा जबरदस्ती करणार. साधारण दोन ते तीन महिने लागतात: आधी बांधणं, चालवणं, पाय देणं, मग लांब दोरावर गोल फिरवणं, तेही दहा-पंधरा मिनिटं, कारण सतत वळणाने कोवळ्या सांध्यांवर ताण येतो, मग पाठीवर घोंगडी, पट्टा, खोगीर, शेवटी माणूस. तीन वर्षांच्या आत बसवू नका. मणक्याची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, म्हणून स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो.

साध्या कागदावर लिहून घ्या: चंदी-वैरण आणि नाल कुणाकडे, आजारपणात औषधाचा निर्णय कोण घेणार, न सांगता भेटायला येता येईल का, आणि तुमच्या घोड्यावर प्रत्यक्ष हात कोण ठेवणार, वस्ताद की त्याचा नवखा पोरगा. न सांगता येऊ देत नसेल तर व्यवहार मोडा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पाठवण्याआधी धनुर्वाताची लस झालेली हवी, आणि त्या तबेल्यातल्या घोड्यांची शेंबा (ग्लँडर्स) रोगाची तपासणी झाली आहे का ते विचारा. हा रोग माणसालाही होतो.

परत आणताना

शेवटचा आठवडा तुमच्यासाठी राखून ठेवा. रोज तासभर वस्तादासमोर तुम्ही स्वतः घोडा हाताळा, नाहीतर घोडं त्याचं ऐकेल, तुमचं नाही. तोच लगाम, त्याच हाका घरी चालू ठेवा. तिथल्या चंदीची चार-पाच दिवसांची पिशवी बरोबर आणा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू घरच्या दाण्यावर न्या, एकदम बदल केला की पोटशूळ उठतो.