आतड्याच्या अस्तरासाठी प्रोबायोटिक: कसं निवडावं, कसं घ्यावं

आतड्यातलं अन्न आणि आपलं रक्त यांच्या मध्ये पेशींचा एकच थर असतो. कातडीला निदान पापुद्र्यावर पापुद्रे आहेत, आतड्याला तेवढंही नाही. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग साधारण ३२ चौरस मीटर भरला. एवढ्या मोठ्या अस्तरातल्या बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात, म्हणून ते दुखावलं तरी सावरतं. त्या सावरण्याला प्रोबायोटिक जीवाणूंची, म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम पोटात घेतलेल्या जिवंत जीवाणूंची मदत होऊ शकते, मात्र ते डोळसपणे घ्यायला हवेत.

१. आधी अस्तराचं काम समजून घ्या

शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. पाणी आणि क्षार यांना हे टाके वाट देतात, जंतू आणि त्यांचे विषारी अंश यांना अडवतात. पेशींच्या वर बुळबुळीत श्लेष्म असतं. मोठ्या आतड्यात ते दुपदरी असतं: वरच्या पदरात जीवाणू नांदतात, पेशींना लागून असलेल्या पदरात जवळजवळ कुणीच नसतं. पोटाचा संसर्ग, जास्तीची दारू, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेणं, यांनी या संरक्षणाला धक्का बसतो.

प्रोबायोटिक जीवाणू इथे दोन-तीन बाजूंनी उपयोगी पडतात. ते जागा आणि अन्न अडवून रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. ते आम्ल तयार करतात, ते अनेक रोगजंतूंना मानवत नाही. काही वाण (एकाच जातीतले पोटप्रकार) श्लेष्म वाढवतात आणि सैल पडलेले टाके घट्ट करतात. यातलं बरंचसं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेलं आहे. माणसांतला भक्कम पुरावा मोजक्या तक्रारींपुरताच आहे, आणि पुढची पायरी त्यावरच उभी आहे.

२. कशासाठी घेताय ते ठरवा

सर्वांत ठोस कारण म्हणजे अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळणं. 'पोट जरा बरं राहील' एवढ्यासाठी महिनोन्‌महिने कॅप्सूल घेण्याला तसा आधार नाही. अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली सगळा पुरावा तपासून मोजक्याच परिस्थितींत प्रोबायोटिक सुचवलं. 'आतडं गळतंय' असं सांगून कुणी महागडा कोर्स गळ्यात मारत असेल, तर आधी डॉक्टरांकडून नीट निदान करून घ्या.

३. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जीवाणूच्या नावाचे तीन भाग असतात: कुळ, जात आणि वाण. 'लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी' यातलं 'जीजी' हे वाणाचं नाव, आणि गुण वाणागणिक बदलतो. याचं उत्तम उदाहरण ई. कोलाय. या जातीचे काही वाण रक्ताचे जुलाब घडवतात, आणि याच जातीचा 'निस्ले १९१७' हा वाण औषध म्हणून दिला जातो. पहिल्या महायुद्धात आजूबाजूच्यांना हगवण लागली असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी त्याच्या विष्ठेतून हा वाण वेगळा केला. म्हणून पाकिटावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं असेल तर ते खाली ठेवा.

२०२० साली या कुळाची फेरमांडणी झाली, त्यामुळे काही पाकिटांवर 'लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस' असं दिसेल. घाबरू नका, जीवाणू तोच आहे.

मग जिवंत जीवाणूंचा आकडा पाहा. तो अब्जांत असतो, पण मोठा आकडा म्हणजे जास्त गुण असं समीकरण नाही. ज्या मात्रेत तो वाण अभ्यासला गेला ती मात्रा हवी, आणि ती मुदत संपेपर्यंत टिकेल असं लिहिलेलं हवं. कारखान्यातून निघतानाचा आकडा आपल्या कामाचा नाही.

४. जिवंत पोटात जाईल असं घ्या

माझी बहीण प्रोबायोटिकची पूड वाफाळत्या दुधात ढवळून मुलाला देत होती. पाकीट चांगलं, हेतू चांगला, पण पेल्यातले बहुतेक जीवाणू ओठाला लागायच्या आधीच मेलेले. कोमट किंवा गार पेयातच मिसळा. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. 'सॅकरोमायसिस बुलार्डी' हे जीवाणू नसून यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, म्हणून अँटिबायोटिकने ते मरत नाही. बुरशीवरच्या औषधांनी मात्र मरतं.

सुरुवातीला थोडा गॅस होऊ शकतो. महिनाभरात फरक जाणवला नाही तर थांबवा.

५. घरच्या जीवाणूंना जेवू घाला

बाहेरून घेतलेले जीवाणू पाहुणे असतात, घेणं बंद केलं की बहुतेक जण थोड्याच दिवसांत निघून जातात. अस्तराची रोजची राखण आपल्या मूळच्या जीवाणूंकडे असते. ते तंतूमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांचं तंतूमय अन्न बंद केलं, तर त्यांच्या पोटातले जीवाणू श्लेष्मच खाऊ लागले आणि तो थर पातळ झाला. मला हा प्रयोग विसरता येत नाही. ज्यांना एकच पायरी जमणार असेल त्यांनी कॅप्सूल राहू द्यावी आणि डाळी, भाज्या, फळं, अख्खी धान्यं वाढवावीत. पण हळूहळू, आणि सोबत भरपूर पाणी पिऊन.

६. कुणी घेऊ नये

विष्ठेत रक्त, ताप किंवा कारण नसताना घटणारं वजन असेल तर प्रोबायोटिकवर वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, जे अतिदक्षता विभागात आहेत, त्यांना स्वतःच्या मनाने काहीही देऊ नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, तर त्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यात ६ टक्के. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबतही २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल तर सॅकरोमायसिसची पुडी त्याच्या खोलीत उघडूसुद्धा नका. हवेत उडालेली किंवा हाताला लागलेली पूड नळीवाटे थेट रक्तात पोहोचू शकते.