जुना स्किड स्टीअर लोडर घेताना इंजिनाच्या आवाजावर भुलू नका

सुगी उरकलेली आहे आणि पुढच्या मशागतीला अवकाश आहे, अशा मधल्या आठवड्यांतच जुनी यंत्रे पाहायला निघावे. पेरणी तोंडावर आली की माणूस मिळेल ते उचलतो आणि ऐन कामात यंत्र मिस्त्रीच्या दारात उभे राहते.

आधी काम ठरवा. या यंत्राचा जन्मच शेडमधली घाण उपसण्यासाठी झाला. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, शेडमधल्या खांबांच्या अडचणीतून विष्ठा काढता यावी म्हणून छोटा तीनचाकी लोडर बनवला. चारही चाकांना ओढ असलेला लोडर पुढे १९६० मध्ये आला. अडचणीच्या जागेत जागच्या जागी फिरणे हेच आजही त्याचे बळ. शेणखत उपसणे, कंपोस्ट पलटणे, चाऱ्याच्या गाठी हलवणे, अंगणात मुरूम पसरणे, ऑगर (जमिनीत भोक पाडणारे गिरमिट) लावून कुंपणाचे खड्डे घेणे ही त्याची कामे. मात्र त्याची चाके वळत नाहीत. एका बाजूची जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी फिरतात आणि यंत्र घसटत वळते. त्यामुळे ओल्या रानात जमीन उकरली जाते, कठीण जमिनीवर टायर झिजतात. बहुतेक काम मोकळ्या रानातल्या लांब ने-आणीचे असेल, तर ट्रॅक्टरला पुढचा लोडर जोडलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदीचा आकडा नीट समजून घ्या. चाकांच्या लोडरची उचलण्याची क्षमता म्हणून जे वजन सांगतात, ते यंत्र ज्या वजनाला पुढे कलंडते त्याच्या निम्मे असते. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरला ते साधारण ३५ टक्के धरतात. विकणारा कधी कधी कलंडण्याचाच आकडा ऐकवतो. ०.४ घनमीटरच्या बकेटमध्ये ओली माती भरली तर ६५० ते ७५० किलो सहज होतात, हे डोक्यात ठेवून हिशेब करा. ट्रॉली भरायची असेल तर आर्म (बकेट उचलणारा हात) सरळ वर जाणारा लोडर सोयीचा. खणणे, सपाटीकरण जास्त असेल तर कमानीत उचलणारा चालतो आणि त्यात सांध्यांच्या पिनाही कमी असतात.

आता पाहणी. जाण्याआधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसे उठते, त्यावर बरेच काही कळते. निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा कूलंटची शंका घ्या. पण इंजिनाचे काम करणारा मिस्त्री तुलनेने सहज सापडतो. खरा खर्च दडलेला असतो हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाच्या दाबाने चाके चालवणारा), चाकांच्या मोटारी आणि चेन केसमध्ये (मोटारीची ताकद चाकांना देणाऱ्या चेनची तेलाची पेटी), आणि ताजा रंग मारलेल्या यंत्रात तो दिसतही नाही.

म्हणून यंत्र वीस-तीस मिनिटे राबवून हायड्रॉलिक तेल तापू द्या. थकलेला पंप थंड तेलावर ठीक चालतो, तापल्यावर उघडा पडतो. मातीच्या ढिगात बकेट घालून रेटा: दोन्ही बाजूंची चाके सारख्या जोराने घसरली पाहिजेत. एक बाजू आधीच दम सोडत असेल, तर त्या बाजूचा पंप किंवा मोटार गेलेली समजा. सपाटीवर सरळ चालवा, एकीकडे ओढतो का पाहा. भरलेली बकेट कमरेइतकी उचलून काही मिनिटे ठेवा. आर्म हळूहळू उतरत असेल तर सील किंवा व्हॉल्व्हचे काम आहे. तेलाचा रंग दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. होजची गळती हाताने चाचपू नका, दाबातले तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरून पाहा.

चेन केससाठी यंत्र जॅकवर घेऊन नीट टेका द्या आणि प्रत्येक चाक हाताने पुढे-मागे हलवा. चेन पकडायच्या आधी चाक फार मोकळे फिरत असेल तर चेन ढिली. वर-खाली हलत असेल तर बेअरिंग. चेन केसचे झाकण उघडल्यावर तेल पातळीच्या वर आलेले दिसले, तर खूश होऊ नका. बहुधा मोटारीचे सील फुटून हायड्रॉलिक तेल तिकडे उतरते आहे.

पिना-बुश तपासायला बकेट जमिनीला हलकेच टेकवून आर्म वर-खाली करा आणि दुसऱ्याला सांध्यांकडे पाहायला सांगा. आर्मवर, विशेषतः पिनांजवळ, वेल्डिंगचे जुने डाग असतील तर सौदा सोडून द्या. बकेट जोडणारी प्लेट आणि तिच्या पाचरी झिजल्या असतील तर प्रत्येक अवजार खडखडत राहील.

मीटरवरच्या तासांपेक्षा पेडलचे रबर, सीट आणि लिव्हरच्या मुठी जास्त खरे बोलतात. यंत्र गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरलेले असेल तर वायरिंग आणि रेडिएटरकडे खास लक्ष द्या. अमोनियाने ते आतून खाल्लेले असते.

सीटबार (चालकाच्या पुढ्यात येणारा सुरक्षेचा दांडा) वर केल्यावर आर्म हलला, तर सुरक्षेची वायर कोणीतरी बायपास केली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय यंत्र घरात आणू नका. कॅबचा सांगाडा कापलेला, भोके पाडलेला नको. आर्म वर अडकवून ठेवणारा आधार जागेवर हवाच, कारण उचललेल्या आर्मखाली वाकून काम करणारी माणसे चिरडली गेलेली आहेत.

अनुक्रमांकाची पाटी आणि मालकीचे कागद जुळतात ना, तेही पाहा. ती पाटी नसेल तर सुटे भाग मागवताना हाल होतात.

घरी आणल्यावर सगळी तेले आणि फिल्टर बदला, प्रत्येक निपलला ग्रीस भरा. जुना हायड्रॉलिक फिल्टर फेकू नका, कापून उन्हात धरा. पितळी चमक दिसली तर पंप झिजतो आहे. सौद्याआधीच हे कापून पाहू देणारा मालक भेटला, तर त्याच्याशी भावात फार घासाघीस करू नका.