समुद्राचा कचरा नाल्यातच अडवा

वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं, पूर्णेचं तापीतून अरबी समुद्रात. म्हणून किनारा साफ ठेवायचं निम्मं काम गावच्या नाल्यावर, तेही मृगाच्या आधी. उन्हाळाभर साचलेल्या पन्न्या पहिल्याच पुरात निघून जातात.

दहा फुटी नाल्यावर तरंगता अडसर करायला वीस फूट लांब, जाड नायलॉन दोर लागतो. त्यावर दर दीड फुटाला तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन बांधा, झाकण घट्ट. खाली खुराड्याची जाळी फूटभरच सोडा. ती तळाला टेकली की पालापाचोळा अडतो, बांध होतो आणि सगळंच तुटतं. दोर आडवा नको, तिरपा बांधा. कचरा आपसूक खालच्या काठाला सरकतो, तिथून दाताळ्यानं ओढा. वरचं टोक मुद्दाम सुतळीनं बांधा. मोठ्या पुरात तेच तुटेल, दोर वाहून जाणार नाही. पूर असताना नाल्यात उतरायचं नाही.

फवारणीचे डबे इथवर येऊच नयेत. ते तीनदा विसळा, पाणी पंपातच ओता, डब्याला भोक पाडून वेगळ्या पोत्यात ठेवा. जाळू नका.