श्वेतप्रदराच्या तपासणीला जाण्यापूर्वी

मागच्या वर्षी अंगावरून पांढरे जाणे आणि खाज असह्य झाल्यावर मी तपासणीच्या आदल्या रात्री औषधाच्या दुकानातून क्लोट्रिमॅझोलची, म्हणजे बुरशीवरची, गोळी आणून योनीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तपासणीत डॉक्टरांना मुख्यतः त्या गोळीचाच पांढरा चुरा दिसला. पुन्हा आठवडाभर थांबावे लागले आणि अखेरीस आजार बुरशीचा नसून ट्रायकोमोनासचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा, निघाला, ज्यावर ती गोळी भरवशाची नाहीच.

म्हणून पहिली तयारी हीच, की तपासणीच्या आधी निदान दोन दिवस योनीत काहीही घालू नये. गोळी, मलम, दही, सुगंधी वॉश, पिचकारीने धुणे यांपैकी काहीही नाही. शरीरसंबंधही टाळावा, कारण वीर्यामुळे योनीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. निरोगी अवस्थेत तो साधारण ३.८ ते ४.५ असतो, बुरशीच्या संसर्गात बहुधा तितकाच राहतो, पण बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडणे) आणि ट्रायकोमोनास यांत ४.५ च्या वर जातो. सामू मोजण्याची पट्टी, मासळीसारखा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्रावाची ओली काचपट्टी यांवरच निदानाची बरीचशी भिस्त असते. ट्रायकोमोनासचे जंतू तर हालचालीवरून ओळखले जातात आणि नमुना थंड झाला की ती हालचाल मंदावते. अशा नाजूक तपासणीत आपण आधीच औषध ओतून ठेवले, तर डॉक्टरांनी पाहायचे तरी काय?

पाळी चालू असल्यास शक्यतो ती संपल्यावर जावे. मात्र ताप, ओटीपोटात दुखणे किंवा गर्भारपण असेल तर पाळीचा किंवा दोन दिवसांचा हिशेब न करता लगेच जावे. आणि औषध ठेवून झालेच असेल, तर लाज न बाळगता नाव व वेळ सांगावी. मी ते डॉक्टरांनी विचारेपर्यंत सांगितले नव्हते.

स्राव दह्यासारखा घट्ट आहे, पातळ करडा आहे की फेसाळ पिवळट-हिरवा, हे लिहून न्यावे. शेवटच्या पाळीची तारीख, मधुमेह, अलीकडे घेतलेली प्रतिजैविके आणि गर्भनिरोधकाचा प्रकारही त्यातच लिहावा. पैशांची अडचण असल्यास सरकारी जिल्हा रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’, म्हणजे अशा संसर्गांसाठीचा दवाखाना, आहे.

औषध कोणते, हे निदान ठरवते. बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक मात्रा पुष्कळदा पुरते, पण गर्भवतींना ती टाळून योनीत ठेवायचे औषध देतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी मेट्रोनिडॅझोल सहसा सात दिवस असते. बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नये. ट्रायकोमोनास निघाल्यास जोडीदाराचेही उपचार व्हायलाच हवेत, नाहीतर संसर्ग पुन्हा फिरून येतो. योनीत लावायच्या तेलकट मलमांमुळे कंडोम कमकुवत होतो. सुती कपडे वगैरे सर्वांना ठाऊक आहेच.

उपचारानंतरही त्रास उरला तर पुन्हा दाखवावे, आणि त्या वेळीही आधीचे दोन दिवस, उरलेली गोळी कपाटात समोर दिसत असली तरी, आत काहीही ठेवू नये.