नेट बंद पडलंय? आधी या चुका टाळा

नेट गेलं की अनेकांचा हात आधी राऊटरच्या मागच्या बारीक भोकाकडे जातो. टाचणी खुपसून दहा सेकंद दाबलं की सगळं ठीक होईल, असं वाटतं. कृपा करून हे करू नका. राऊटर बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेटने वायफायचं नाव-पासवर्ड जातोच, शिवाय पीपीपीओई जोडणी (म्हणजे कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डने लॉगइन होणारी) असेल तर त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो. मग लाइन परत आली तरी तुमचं नेट बंदच.

त्याऐवजी आधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' (LOS, म्हणजे सिग्नल गेला) हा दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशाचा सिग्नलच तुमच्यापर्यंत पोचत नाही. फायबरची तार कुठे मुडपली किंवा सैल झाली नाही ना, तेवढं पाहा आणि तक्रार नोंदवा. कॉम्प्युटरवर काहीही केलं तरी उपयोग नाही.

वायफायचे सगळे दांडे भरलेले दिसतात म्हणून नेट आहे, असंही धरून चालू नका. ते दांडे फक्त राऊटरपर्यंतचा सिग्नल सांगतात.

दिवे ठीक असतील तर जवळून लांब तपासत जायचं. विंडोजमधली कमांड प्रॉम्प्ट ही कमांड टाइप करायची खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) द्या; कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कुणीच पत्ता दिला नाही, त्याने तो स्वतःच घेतला. म्हणजे बिघाड तुम्ही आणि राऊटर यांच्यामध्येच आहे. पत्ता बरोबर असेल तर पिंग (ping) करा, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते विचारा: आधी डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे तिथेच दिसणाऱ्या राऊटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. नाव शोधून बघणाऱ्या 'एनएसलुकअप' (nslookup) या कमांडने खात्री करून घ्या.

या पायऱ्या गाळण्याची चूक मी स्वतः केली आहे. एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये निम्म्या यंत्रांवर नेट चालायचं, निम्म्यांवर नाही, आणि रोज वेगळीच यंत्रं अडायची. मी केबल्स तपासल्या, टोकं नव्याने क्रिंप केली (प्लग दाबून बसवले), सगळ्या केबल्स जोडणारा स्विचही बदलला. दोन दिवस गेले. शेवटी एक चालणारं आणि एक न चालणारं अशा दोन यंत्रांवर आयपीकॉन्फिग दिलं. एकाचा गेटवे १९२.१६८.१.१, दुसऱ्याचा १९२.१६८.०.१! ऑफिसात वायफाय मिळावं म्हणून कुणीतरी जुना राऊटर आणून त्याच्या लॅन पोर्टात शाळेच्या नेटवर्कची केबल खोचली होती. त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, चालूच होतं. पत्ते वाटणारे दोघे झाले, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घ्यायचं. जुन्या राऊटरला तर पुढे इंटरनेटकडे रस्ताच नव्हता. त्याचं डीएचसीपी बंद केलं, यंत्रांना नव्याने पत्ते घ्यायला लावले, काम झालं. ती एक कमांड पहिल्या पाच मिनिटांत दिली असती, तर मुलांचे दोन दिवसांचे तास बुडाले नसते.

तिथे मी आणखी एक चूक केली होती: एका दमात तीन गोष्टी बदलल्या. नेट तेव्हा सुरू झालं असतं तरी कशामुळे, हे कळलंच नसतं. एका वेळी एकच बदल करा, फरक पडला नाही तर तो मागे घ्या, आणि वहीत लिहून ठेवा.

पिंग हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, पाणबुडीच्या सोनारवरून नाव दिलं. आजही त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. पण पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचं यंत्र बंद, असा अर्थ काढू नका. अनेक फायरवॉल (नेटवर्कचे पहारेकरी) पिंग मुद्दाम अडवतात. वाटेतला एकेक टप्पा दाखवणाऱ्या 'ट्रेसर्ट' (tracert) कमांडमध्ये मध्येच तारे (*) दिसले आणि पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर तिथेही रस्ता मोकळाच आहे.

तक्रार करताना नुसतं 'नेट चालत नाही' म्हणू नका. 'साडेदहापासून बंद आहे, एलओएस लाल नाही, गेटवेचा पिंग येतो, ८.८.८.८ चा येत नाही, केबल लावूनही तेच' असं सांगा.