दूरच्या विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

दूरच्या दोन विमानतळांमधल्या प्रवासाला किती तास लागतील, याचा अंदाज बांधताना बहुतेक जण अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागतात आणि आलेल्या आकड्यावर विसंबून पुढचे विमान ठरवून मोकळे होतात. गफलत होते ती इथेच, कारण अंतर जमिनीवर मोजलेले असते आणि विमान मात्र सतत वाहणाऱ्या हवेतून उडत असते. विमाने ज्या उंचीवरून जातात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर साधारण ५,५०० किलोमीटर आहे. पण लंडनकडे जाताना लागणाऱ्या वेळेपेक्षा परतीला साधारण तासभर अधिक लागतो, म्हणून जाण्याचा वेळ येण्याला जसाच्या तसा लावू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वाऱ्याच्या दिशेने नेले, तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला आणि तरीही प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखणे ही तितकीच जुनी चूक आहे. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर वाकडा दिसतो आणि उत्तर गोलार्धात तो बऱ्याचदा ध्रुवाकडे झुकतो. अर्थात विमान त्याच मार्गाने जाईल, असेही गृहीत धरू नये. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास, जो आधी साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो सुमारे तेरा तासांवर गेला. दोन विमानतळांमधले अंतर मात्र एक मीटरनेही बदललेले नाही.

सर्वाधिक फसगत घड्याळ करते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. समजा, जानेवारीत टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० वाजता पोहोचते, असे तिकिटावर छापलेले आहे. ही छपाईची चूक नव्हे. टोकियो यूटीसीच्या (जगभरच्या घड्याळांचा आधार असलेल्या प्रमाणवेळेच्या) ९ तास पुढे आणि लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे असल्याने निघण्याची वेळ यूटीसीनुसार सकाळी ८ आणि पोहोचण्याची संध्याकाळी ६ ठरते, म्हणजे प्रवास १० तासांचा. मार्चमध्ये आणखी जपावे लागते, कारण उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळे दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, तर युरोपात शेवटच्या रविवारी; मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक ५ ऐवजी ४ तासच उरतो.

दोन ठिकाणी अंतराचे आकडे वेगळे दिसले, तर आधी एकक पाहावे. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तर साधा मैल सुमारे १.६०९ किलोमीटर. मग विमानतळाचा कोड तपासावा, कारण सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे तसेच कोस्टा रिकामध्येही आहे, आणि टोकियोच्या हानेदा व नारिता या विमानतळांमध्ये बदल करायचा झाल्यास शहर ओलांडून जावे लागते.

वेळापत्रकातला कालावधी विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल धरलेली असते, पण सामान मिळण्याची किंवा इमिग्रेशनची रांग नसते. पुढचे विमान ठरवण्यापूर्वी त्याच क्रमांकाचे विमान त्याच ऋतूत प्रत्यक्ष किती वाजता पोहोचत होते, याच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी पाहाव्यात.